टूर कंपनीनेच सहल रद्द केली, पैशांऐवजी व्हाउचर घ्या म्हणतात. काय करावं?

रंकाळाकाठ | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आई (७१), आत्या (७४) आणि मी अशा तिघींचं काशी-प्रयाग-अयोध्या बुकिंग ऑगस्टमध्ये केलं. कंपनीचं हेड ऑफिस पुण्यात, इथे कोल्हापुरात राजारामपुरीला त्यांची फ्रँचायझी. निघायचं होतं २१ नोव्हेंबरला. देव दिवाळीची गर्दी ओसरल्यावर जाऊ, म्हाताऱ्या माणसांना घाटावर निवांत बसता येईल, म्हणून मुद्दाम ही तारीख घेतली होती. माणशी ३६,००० अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे तिघींचे १,१३,४००. त्यातले ३०,००० यूपीआयने, उरलेले ८३,४०० ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्या क्रेडिट कार्डवरून.

काल दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "अपरिहार्य कारणास्तव सदर सहल रद्द करण्यात येत आहे. तसदीबद्दल क्षमस्व." खाली हात जोडलेले. मी फोन केला. अपरिहार्य कारण काय, तर ग्रुप भरला नाही. चाळीस सीटा, आले चौदाजण.

बरं, नाही भरला तर नाही भरला, आमचे पैसे द्या. तर म्हणे पैसे परत मिळत नाहीत, क्रेडिट व्हाउचर मिळेल. तेही ८१,००० चं! नियमाप्रमाणे पंधरा दिवसांच्या आत रद्द झालं की ५० टक्के कापतात, पण "ज्येष्ठ नागरिक आहेत म्हणून माणुसकीच्या नात्याने" पंचवीसच कापले. जीएसटी सरकारजमा, तो मिळणार नाही. व्हाउचर एक वर्ष चालणार, दिवाळी आणि मे महिना सोडून, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. शनिवारपर्यंत ऑफिसात येऊन फॉर्म भरा, नाहीतर हेही हातचं जाईल.

आईनं बॅग भरून ठेवली होती. गंगाजलासाठी तांब्याचे दोन गडू महाद्वार रोडवरून आणलेत, ते टीव्हीशेजारी ठेवलेत आणि येता-जाता दिसतायत. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

---

तांबडापांढरा | १२ नोव्हेंबर, रात्री १०.५८

सहल त्यांनी रद्द केली आणि दंड तुम्ही भरायचा? लगीन मोडलं नवऱ्यानं आणि मांडवाचं भाडं नवरीच्या बापाकडनं. ताई, उद्या चारपाच जण घेऊन जाऊया काय ऑफिसात?

---

बावड्याची वकीलीण | १२ नोव्हेंबर, रात्री ११.२०

चारपाच जण नकोत. तुम्ही आधी मला पावतीची मागची बाजू वाचून दाखवा. रद्दीकरणाचं कलम शब्दशः इथे टाका, अगदी "सदरहू"सकट.

आणि तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका. फॉर्मवर तर नाहीच नाही.

---

रंकाळाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११.४५

भिंग घेऊन वाचलं. कलम ९: "प्रवाशाने आपले आरक्षण रद्द केल्यास खालीलप्रमाणे कपात करण्यात येईल: ३० दिवसांपूर्वी १०%, ३० ते १५ दिवस २५%, १५ दिवसांच्या आत ५०%."

कलम १४: "किमान प्रवासीसंख्या पूर्ण न झाल्यास सहल रद्द करण्याचा अथवा तारीख बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवीत आहे." एवढंच. पैशांचं काय, ते कलम १४ मध्ये नाही. शेवटी "सर्व वाद पुणे न्यायकक्षेत".

---

बावड्याची वकीलीण | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मला वाटलंच होतं. कलम ९ चा पहिला शब्द बघा: *प्रवाशाने*. हा तक्ता तुम्ही रद्द केलंत तर लागू. तुम्ही रद्द केलेलंच नाही. कलम १४ त्यांना सहल रद्द करायचा अधिकार देतं, पैसे ठेवून घ्यायचा नाही. त्यामुळे १,१३,४०० मधला एक रुपयाही कापायला त्यांच्याकडे आधार नाही, त्यांच्याच पावतीप्रमाणे.

आता तो फॉर्म. त्यांनी घाई लावलीय ती यासाठीच. अशा फॉर्मवर बहुतेक वेळा "मी माझे आरक्षण रद्द करीत आहे" असं काहीतरी असतं. तुम्ही सही केलीत की कागदोपत्री रद्द करणाऱ्या तुम्ही, आणि मग कलम ९ आपोआप लागू. सगळी मेख तिथे आहे.

"पुणे न्यायकक्षा" विसरून जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, म्हणून पावत्यांवर ते वाक्य अजून छापतात. ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही (हे मी लिहितेय, नोंद घ्या). मुदत दोन वर्षं.

---

जुनी पेठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

आता आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय की ऑगस्टपासून. तिथंच टाका केस, एका दणक्यात काम.

---

बावड्याची वकीलीण | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

काका, बेंच आलं म्हणून दळण आणायलाही तिथे जायचं नसतं. हा विषय जिल्हा ग्राहक आयोगाचा.

---

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

जीएसटीबद्दल. "सरकारजमा झाला" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कर लागतो सेवेवर. सेवाच दिली नाही तर कर कशावर? आगाऊ रक्कम घेऊन सेवा दिली नाही, तर रिफंड व्हाउचर, म्हणजे आगाऊ रक्कम परत केल्याचा कागद, काढायचं (जीएसटी कायदा, कलम ३१). इन्व्हॉइस काढून बसले असतील तर क्रेडिट नोट (कलम ३४). ते त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत करता येतं, म्हणजे यांना ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. भरलेला कर ते स्वतःच्या पुढच्या देण्यातून वळता करून घेतील आणि तुम्हाला सांगतील सरकारनं खाल्ला. ५,४०० रुपये आहेत ते तुमचे, सोडू नका.

---

मिरज जंक्शन | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

कार्डचे ८३,४०० आहेत ना? मग निम्मी लढाई जिंकलात. बँकेकडे चार्जबॅक टाका, म्हणजे कार्डवरून गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. अ‍ॅपमध्ये किंवा मेलवर डिस्प्युट फॉर्म मिळतो, कारण निवडायचं "सेवा मिळाली नाही". सोबत तीन गोष्टी: पैसे भरल्याची पावती, सहल रद्दचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज (स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे), आणि तुम्ही पैसे मागितल्याचा लेखी पुरावा. तिसरी गोष्ट लोक विसरतात. तोंडी मागितलेलं बँक धरत नाही.

मुदत साधारण सेवेच्या तारखेपासून १२० दिवस, पण तेवढं थांबू नका. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर. तिथेही फी नाही.

यूपीआयच्या ३०,००० साठी मात्र हा रस्ता जवळजवळ बंद समजा. पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत आणि ते योग्य खात्यात पोचलेत, बँक हात वर करते. म्हणून मी सहलीचे पैसे कधीच यूपीआयने भरत नाही. आमच्या हिला हे पटत नाही, तो वेगळा धागा.

---

गाडीवान | १३ नोव्हेंबर, दुपारी १.४०

मी या धंद्यात वीस वर्षं आहे, लहान प्रमाणात. शिव्या खायची तयारी ठेवून दुसरी बाजू सांगतो.

चाळीसची बस बावीस-पंचवीस जणांवर जेमतेम खर्च काढते. चौदाच आले तरी बस तेवढीच, टूर मॅनेजर तोच, आणि आचारी व त्याचा हेल्पर तेच. आपली माणसं वाराणसीत गेली तरी संध्याकाळी पिठलं-भात मागतात, त्यामुळे आचाऱ्याशिवाय सहल निघत नाही. विमानाची ग्रुप तिकिटं चार महिने आधी डिपॉझिट भरून धरलेली असतात, ग्रुप मोडला की ते डिपॉझिट जातं. हॉटेलवाला अर्धा अ‍ॅडव्हान्स ठेवून घेतो. मग मालक विचार करतो, गिऱ्हाइकाचे पैसे व्हाउचरमध्ये अडकवले तर निदान पुढच्या हंगामात फिरतील. खरं सांगायचं तर तुमच्या पैशातून दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपचं हॉटेल भरून झालेलं असतं.

हे समजावं म्हणून सांगितलं, बरोबर आहे म्हणून नाही. ग्रुप भरेल की नाही ही जोखीम आमची. भरला तर नफा गिऱ्हाइकात वाटतो काय आम्ही? मी दोनदा चौदा-पंधरा जणांना घेऊन तोट्यात सहल काढलीय. आणि एकदा रद्द केली तेव्हा पत्नीच्या पाटल्या ठेवून पैसे परत केले होते. कोल्हापुरात तोंड दाखवायचं असतं.

---

तांबडापांढरा | १३ नोव्हेंबर, दुपारी १.५५

गाडीवान आबा, नंबर द्या तुमचा. पुढची सहल तुमच्याबरोबरच.

---

उचगाव नाका | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

आमची मे महिन्याची काश्मीर सहल अशीच गेली. १० मेचं विमान होतं, तेव्हा श्रीनगर धरून ३२ विमानतळ बंद होते. आम्हालाही व्हाउचर दिलं. आम्ही गप घेतलं, चुकलं काय?

---

बावड्याची वकीलीण | १३ नोव्हेंबर, दुपारी ४.००

तुमची गोष्ट वेगळी. पहलगामनंतर आणि विमानतळ बंद असताना सहल न काढणं कंपनीच्या हातात नव्हतं, त्यामुळे नुकसानभरपाई मागता येणार नाही. पण न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं हा निराळा प्रश्न. विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं असेल तर तिकिटाचा पैसा परत येतो, आणि तो टूर कंपनीकडे आला असेल तर तिथे थांबायचं कारण नाही. लॉकडाऊनच्या वेळी सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला विमान तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला, त्यातही एजंटामार्फत काढलेली तिकिटं होती. हॉटेलच्या अ‍ॅडव्हान्सचा त्यांनी खरोखर खर्च दाखवला तर तेवढ्यावर वाद होऊ शकतो. व्हाउचर वापरलं नसेल तर लेखी हिशेब मागा: विमानाचे किती परत आले, हॉटेलचे किती गेले. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे.

पण रंकाळाकाठ यांच्या प्रकरणात युद्ध नाही, पूर नाही. गिऱ्हाईक कमी आलं एवढंच.

---

रंकाळाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

घोटाळा झाला, पण तोंडावर पडता पडता वाचलो. नीट सांगते.

काल मी बँकेत (नोकरीच्या) असताना ऑफिसवाल्यांनी थेट आईला फोन केला. "मावशी, येऊन जावा, दोन मिनिटांचं काम आहे." आई आत्याला घेऊन रिक्षानं राजारामपुरीत. त्यांनी एसी लावला, चहा दिला, फॉर्म पुढे केला. आईनं चष्मा नेला नव्हता. ती सही करणार तेवढ्यात आत्यानं कागद ओढला. आत्या प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिक्षिका, समोर कागद आला की तिचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आणि पर्समध्ये लाल पेन असतं. अजून.

फॉर्मवर छापलेलं: "मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने सदर सहल रद्द करीत असून क्रेडिट व्हाउचर स्वीकारण्यास माझी संमती आहे."

आत्या म्हणाली, "मी कुठं रद्द केली? तुम्ही केलीसा की." ती मुलगी म्हणाली फॉरमॅटच तसा आहे आजी. मग आत्यानं "मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने" यावर काट मारली, वर लिहिलं "कंपनीने प्रवासी न मिळाल्याने", "संमती आहे" च्या पुढे "नाही" घातलं, "रद्द करीत असून" मधला व्याकरणाचा घोळ निस्तरला, खाली सही आणि तारीख. आणि मुलीला म्हणाली आता ह्याची झेरॉक्स दे शिक्का मारून. तिनं दिली! शिक्का, सही, वेळ. माझ्यासमोर टेबलावर आहे.

---

बावड्याची वकीलीण | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१८

आत्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. या कागदाने दोन गोष्टी शाबीत होतात. सहल कंपनीने रद्द केली, आणि व्हाउचर तुम्ही १३ तारखेलाच लेखी नाकारलं. दोन्हींवर त्यांचाच शिक्का. दहा हजार घेऊन मी असा मसुदा केला नसता.

---

तांबडापांढरा | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२५

लाल पेनाचा नाद करायचा नाय.

---

बावड्याची वकीलीण | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

आता क्रमाने. हेड ऑफिस आणि फ्रँचायझी, दोघांच्या नावे एकच पत्र. "पैसे हेड ऑफिसला गेले" आणि "तुमचा व्यवहार कोल्हापूरशी झाला" हा टोलवाटोलवीचा खेळ त्याने थांबतो. पत्रात बुकिंग क्रमांक, रकमा, तारखा, रद्दचा मेसेज, कलम ९ आणि १४, आणि मागणी: पूर्ण १,१३,४०० पंधरा दिवसांत खात्यात. राग, शेरे, "तुमच्यासारखे लोक" वगैरे काही नको. एका पानात बसवा. मेलही करा आणि पोस्टानेही पाठवा. रजिस्टर एडी म्हणून आता वेगळं राहिलेलं नाही, ते यंदा स्पीड पोस्टात मिसळलं. काउंटरवर पोहोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा.

त्याच दिवशी चार्जबॅक टाका. आठवड्याने १९१५ वर फोन, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, कंपनीकडे फक्त विचारणा करतात. पण बऱ्याच कंपन्यांचा तिथेच कणा वाकतो, आणि नाही वाकला तर ती नोंद पुढे तक्रारीत जोडायला उपयोगी पडते.

एक तांत्रिक गोष्ट, कारण इथे बरेचजण "अनफेअर काँट्रॅक्ट" म्हणून ओरडतात. करारातलं कलमच अन्यायकारक ठरवून घ्यायचं तर तो अधिकार राज्य आयोगापासून वर आहे, जिल्हा आयोगाला नाही. जिल्ह्यात मांडायची ती सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा. तेवढं पुरतं.

---

जुनी पेठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मला आपलं वाटतं एवढी दगदग करण्यापेक्षा व्हाउचर घेऊन फेब्रुवारीत जाऊन यावं. म्हाताऱ्या माणसांचं काय, आज आहेत.

---

रंकाळाकाठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

काका, राग नाही, पण त्याच कारणासाठी व्हाउचर नको आहे. फेब्रुवारीत परत ग्रुप भरला नाही तर? त्यांना पैसे दिल्यावर आमची तारीख त्यांच्या हातात. पैसे हातात असतील तर मी दोघींना रेल्वेनं घेऊन जाईन.

---

रंकाळाकाठ | १० डिसेंबर, रात्री १०.०५

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

१७ ला पत्र गेलं, १८ ला चार्जबॅक. पत्राला उत्तर म्हणून तेच व्हाउचर परत मेलवर आलं, फक्त ८१,००० चं ९५,००० झालं होतं. मंडईत आल्यासारखं वाटलं. मी एका ओळीत नकार कळवला. २४ ला १९१५ वर तक्रार. त्यावर कंपनीनं लिहिलं की "ग्राहकाने रद्दीकरण फॉर्म भरून दिला आहे". मग मी आत्याची शिक्क्याची झेरॉक्स जोडली. त्यानंतर कंपनी गप्प.

परवा बँकेनं ८३,४०० कार्डवर तात्पुरते जमा केले. तात्पुरते म्हणजे कंपनीनं विरोध केला आणि तो बँकेला पटला तर परत जातील, असं स्पष्ट लिहिलंय. आत्याला सांगितलं तर म्हणाली तात्पुरतं काय, एसटीत रुमाल टाकल्यासारखं?

३०,००० चं अजून काही नाही. फ्रँचायझीवाल्याचा फोन आला होता, तीन महिन्यांनंतरच्या तारखेचा चेक देतो म्हणाला.

---

मिरज जंक्शन | १० डिसेंबर, रात्री १०.३०

अभिनंदन! ते तात्पुरते पैसे खर्चू नका. आणि कंपनीनं मध्येच कार्डचे पैसेही परत केले तर बँकेला लगेच कळवा, नाहीतर दोनदा घेतल्याचा ठपका येतो.

---

बावड्याची वकीलीण | ११ डिसेंबर, सकाळी ७.००

पुढच्या तारखेचा चेक नको. न वटल्यास कलम १३८ आहेच: बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्यांना पंधरा दिवस, मग महिन्याभरात केस. पण तीस हजारांसाठी मार्चपर्यंत वाट बघून मग कोर्टाची पायरी, कशाला? उलट सांगा की ई-जागृतीवर (ग्राहक आयोगाचं ऑनलाइन पोर्टल) तक्रारीचा मसुदा तयार आहे, १ जानेवारीनंतर दाखल करतेय, त्यात व्याज, मानसिक त्रास आणि खर्च मागणार. मसुदा मी पाहून देईन. फी म्हणून काशीचा पेढा चालेल.

---

हिशेबनीस | ११ डिसेंबर, सकाळी ९.१०

सहलीसाठी पुण्याला जायचं एसटी रिझर्वेशन रद्द करावं लागलं असेल, तर त्याची कपात खर्चात धरली का? लहान रक्कम असली तरी पावती जोडा.

---

रंकाळाकाठ | ९ जानेवारी २०२६, संध्याकाळी ६.४५

३०,००० आले. आज दुपारी, एनईएफटीने.

मसुद्याची पीडीएफ मी २ तारखेला त्यांना मेल केली होती, दाखल करण्याआधी "माहितीसाठी". सोमवारी हेड ऑफिसमधून कुणी साहेब बोलले, अतिशय गोड. म्हणाले चार्जबॅकला आम्ही विरोध करणार नाही, बाकीचे पाठवतो, तुम्ही तेवढं "फुल अँड फायनल" लिहून द्या. मी म्हटलं आधी खात्यात, मग सही. व्याज नाही, एसटीचे गेलेले पैसे नाहीत, त्यावर मी भांडले नाही. कुणाला ते चूक वाटेल, पण मला हे प्रकरण घरातून बाहेर काढायचं होतं.

सोमवारी सही करायला जायचंय. आत्या येते म्हणालीय. मी नको म्हटलं नाही.

---

गाडीवान | ९ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

बरं झालं. रेल्वेनं जाणार असाल तर अयोध्येत उतरायची सोय मी बघतो, कमिशन नको. पायऱ्या कमी असलेलं हॉटेल लागेल तुम्हाला.

---

रंकाळाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ९.००

बँकेचा मेल: डिस्प्युट तुमच्या बाजूने बंद, जमा रक्कम कायम. तिकिटं मार्चच्या पहिल्या आठवड्याची काढली. गाडीवान आबांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वकीलीणबाई, पत्ता कळवा, पेढे पाठवायचेत.

---

नवा सभासद ४१६ | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

सगळा धागा वाचला नाही, सॉरी. आमची आठ जणांची केरळ सहल कंपनीनं परवा रद्द केली, पैसे सगळे यूपीआयने, कंपनी मुंबईची. कोल्हापुरात तक्रार चालते काय? आणि ते एक फॉर्म भरायला सांगायलेत.

---

तांबडापांढरा | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.२३

चालते. आणि भावा, आधी धागा वाच, मग फॉर्म.